बोट लागणारी आत्या

आमच्या धक्क्यावर तिला सगळेच आत्या म्हणत. खरी ती दोन भावांच्या चार मुलांची आत्या. पण ती मुलं लहान असताना धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘आत्याऽऽ’ करून अशी बोंब ठोकायची की सुतार, रंगारी, क्रेनवाला आणि शेवटी मीसुद्धा, आम्हा सगळ्यांचीच ती आत्या होऊन बसली. मी तिच्यापेक्षा वयानं चांगला मोठा. तरी आत्याच.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आत्याच्या घरची शिडाची बोट हिवाळाभर माझ्या शेडच्या दाराशीच लाकडी टेकूंवर उभी असायची. हिवाळा सरत आला की रविवारी सकाळी आत्या डोक्याला फडकं बांधून, बाहीची बटणं लावून हजर. मग दिवसभर घासकागदाचा आवाज. तिनं तिचं काम करावं, मी माझं, मध्ये एकदा चहा. बोलणं बेताचंच. पण इतकी वर्षं बेताबेतानं बोललं तरी माणूस बरंच कळतं. बाकीचं तिच्या दादानं सांगितलं, कारण त्याला गप्प बसवत नाही.

आत्या ताडपत्र्या शिवण्याच्या कारखान्यात होती. ट्रकवर घालायच्या, मांडवावर घालायच्या, बाजारातल्या गाळ्यांवर घालायच्या. खोलीच्या लांबीएवढं टेबल, त्यावर कापड पसरायचं आणि दणकट मशीनखालून ते पुढे सारत न्यायचं. त्या कापडाला मेणाचा वास असतो, तो तिच्या कपड्यांना कायम यायचा. लग्न झालं नव्हतं. एकदोनदा बोलणी झाली, फिसकटली, मग कोणी विषय काढला नाही आणि तिनंही काढला नाही.

बोट आणली तिच्या वडिलांनी. ते टपालखात्यात होते. पोहता येत नव्हतं, आणि समुद्राशी संबंध म्हणजे सुट्टीत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभं राहण्यापुरता. एकदा खाडीकाठी फिरताना त्यांना चिखलात कलंडलेली ही बोट दिसली. कधीकाळी कुणा श्रीमंत घराण्यानं बायकामुलांना घेऊन समुद्रावर हिंडायला हौसेनं बांधून घेतलेली. पुढे ते घराणंही उतरणीला लागलं आणि बोटही. वरच्या फळ्यांतून गवत उगवलं होतं. गृहस्थांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ती ओढून आणली. आई बघायला आली, बोटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “माझी सासू गेल्यावर वाटलं होतं, आता म्हातारं माणूस सांभाळायचं संपलं.” तेव्हापासून बोटीचं नाव म्हातारी. कागदावर काय होतं देव जाणे.

म्हातारीला उठवून बसवायला काही वर्षं गेली. कुजलेल्या फळ्या एकेक काढायच्या, नवी फळी वाफेवर मऊ करून गरम असतानाच वाकवून बसवायची, फटींत कापसाचा पीळ ठासायचा, वरून लांबीचा लेप. डोलकाठी मधोमध तडकली होती, ती चिकटवून दोरीनं आवळून महिनाभर तशीच ठेवली. पहिल्या उन्हाळ्यात दादा आणि धाकटा भाऊ दोघेही हिरिरीनं कामाला होते. दुसऱ्या उन्हाळ्यात दादाला मैत्रीण मिळाली आणि धाकट्याला फुटबॉल. राहिले वडील आणि मुलगी. ते जुन्या फळ्यांवरचा रंग खरवडायचे, ती मागून घासत यायची. शिडं तिनं कारखान्यातच शिवली, कामाची वेळ संपल्यावर, मालकाला विचारून. आतल्या सहा बिछान्यांच्या गाद्याही तिच्याच. बोटीत एकही कोन काटकोनात नसतो, त्यामुळे सहाच्या सहा गाद्यांचं माप वेगळं. पुढे नाळेकडे, म्हणजे बोटीच्या टोकाकडे, दोन, मधल्या खोलीत टेबलाच्या दोन्ही अंगांना दोन, मागे दोन.

बोट पाण्यात गेली तेव्हा घरात पाच माणसं. दर उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवस पाचही जणं निघायची. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, दुपारी एखाद्या खाडीत नांगर टाकायचा, पोहायचं, झोपायचं. वडील लाइफजॅकेट घालून सुकाणूशी बसत आणि आत्या पुढे नाळेवर, पाय बाहेर सोडून. लाट मोठी आली की बाकीचे आत पळत, ही तिथेच बसून पाव खात असे. मग दादाचं लग्न झालं. वहिनी आली. सहा जागा, सहा माणसं. घट्ट बसलं.

दोन वर्षांनी धाकट्याचंही झालं.

त्या उन्हाळ्याआधी एकदा सगळे जेवायला बसले होते. निघायची तारीख ठरत होती आणि प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब होता, पण तोंडानं कोणी करत नव्हतं. नवी सून पानात मान घालून बसलेली. शेवटी वडील म्हणाले, “मी आपला खालीच सतरंजी टाकीन. मला कुठेही झोप लागते.” त्यांची कंबर तेव्हाच धरलेली होती. आत्या म्हणाली, “मला नका धरू यंदा. मला बोट लागते.”

वडिलांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. नाळेवर पाव खाणारी मुलगी. मग त्यांनी मान पुन्हा पानात घातली. धाकटा म्हणाला, “अगं, मग कधी सांगितलं नाहीस ते!” आणि ताटांचा आवाज पुन्हा सुरू झाला. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं होतं. ती मला म्हणाली होती, “मलाही झालं. खोटं नाही सांगत. एकाच वर्षाचा प्रश्न होता ना.”

एक वर्ष कसलं. सोईची गोष्ट घरात एकदा खरी ठरली की ती कोणी खोटी पाडत नाही. पुढच्या वर्षी तिला कोणी विचारलंच नाही. न विचारण्यात काळजी होती, वाईट हेतू नव्हता. आत्याला बोट लागते. मुलं झाली तीही हेच ऐकत मोठी झाली. एकदा ती धक्क्यावरून बोटीकडे सामान न्यायला वल्ह्याच्या छोट्या होडीत बसायला निघाली, तर सहा वर्षांचा भाचा दोन्ही हात पसरून आडवा उभा. “आत्या, तू नको! तुला ओकारी होईल!” तिनं पिशव्या त्याच्या हातात दिल्या आणि मागे झाली. मी बघत होतो. मला वाटलं, खरंच लागत असेल बिचारीला.

आधी वडील गेले, मग आई. त्यांच्या जागा मुलांनी भरल्या. दोघं दोघं एका गादीवर उलटसुलट झोपायची. दर वर्षी तेच. हिवाळा सरता सरता आत्या येणार, जुनं वॉर्निश घासणार, नवे हात देणार. एक हात, वाळू द्यायचा, हलकं घासायचं, पुन्हा एक हात. सात-आठ हात होईपर्यंत लाकडात आरशासारखं तोंड दिसायला लागायचं. भाऊ यायचे, तळाला रंग लावायचे, दोरखंड बघायचे. अगदीच हात झटकणारे नव्हते. पण वॉर्निश आत्याचं. मग एका सकाळी दोन गाड्या भरून माणसं यायची, पिशव्या, टोप्या, आरडाओरडा, आणि म्हातारी धक्क्यापासून सुटायची. आत्या हात हलवत उभी. बोट वळणाआड गेली की हात खाली, पर्स खांद्याला, चालू लागली. पर्समध्ये दोन्ही भावांच्या घरांच्या किल्ल्या. एका घरी झाडांना पाणी घालायचं, दुसऱ्या घरी मांजराला खायला.

एकदा मी विचारलं, “आत्या, इतकी मर मर मरतेस, तुला काय मिळतं यातून?”

“तुला इंजिनातून काय मिळतं?”

“पगार.”

ती हसली. “मला रविवार मिळतो,” म्हणाली.

मुलं मोठी झाली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एक परदेशी गेला, एक नोकरीत अडकली, दोघांना बोटीवर मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून कंटाळा. दादाचे गुडघे गेले. बोट सलग दोन उन्हाळे पाण्यात उतरलीच नाही, पण आत्यानं दोन्ही वर्षं वॉर्निश केलं. मग भावांनी विकायचं ठरवलं. त्याआधी एक शेवटची फेरी, आठवडाभराची. ते बोलणं दादाच्या घरी जेवताना झालं. दादा, वहिनी, धाकटा, त्याची बायको म्हणजे धाकटी, आणि आत्या.

वहिनी म्हणाली, “मुलं कोणी येत नाहीत. चौघांना सहा जागा. हात पाय पसरून झोपू.” आणि मग सहज, डाळ वाढता वाढता, “वन्सं, तुम्हाला बोट लागते, नाहीतर तुम्हीपण आला असता.”

आत्या म्हणाली, “नाही लागत.”

“काय?”

“बोट. मला बोट लागत नाही.”

दादानं विचारलं, “कधीपासून?”

“पहिल्यापासूनच.”

धाकट्याला वाटलं थट्टा आहे, तो हसायला लागला आणि थांबला. दादा लाल झाला. “म्हणजे इतकी वर्षं... अगं, तोंड नव्हतं तुला? न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत!”

“मला कुठे विकायचे होते गहू?” आत्या म्हणाली. “तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. येऊ का मी?”

“ये ना! म्हणजे काय, ये!” दादा म्हणाला. धाकटी तेवढी उठून पाणी आणायला आत गेली, आणि टेबलावरचा जग अर्धा भरलेला होता.

अशी आत्या निघाली. मी धक्क्यावर होतो. या वेळी हात हलवायला मीच. ती नाळेवर नाही, मागे सुकाणूपाशी बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, पाहुणीसारखी. मला जरा विचित्र वाटलं. पुढचं सगळं तिनं नंतर सांगितलेलं.

पहिली अडचण पिशवीची. आत जाऊन ती पिशवी अडकवायला गेली तर प्रत्येक हुकाला धनी होता. हुक तिनंच बसवलेले, पितळेचे, वडिलांबरोबर. पण हा दादाच्या टोपीचा, हा टॉवेलचा, हा “अगं, तो नको, तिथे कंदील असतो.” कोणी तिला टाकून बोललं नाही. ती हात लावायच्या आत वस्तू दुसऱ्याच्या हातात असायची, एवढंच. चहा धाकटा करणार हे ठरलेलं, कप कुणाचा कुठला हे ठरलेलं. दुपारी दादा आतून ओरडला, “मामाला उठव रे!” आत्यानं विचारलं, “कुठला मामा?” चौघेही खो खो हसले. तळात साचलेलं पाणी काढायच्या पंपाला ते मामा म्हणत. का म्हणत, हे तिला समजावून सांगायला घेतलं, त्यात मुलांचं कुठलंसं जुनं भांडण होतं, कुणीतरी घोरत होतं, एक हरवलेला बूट होता. सांगता सांगता सांगणाऱ्यालाच कळलं की यात हसण्यासारखं काही उरलेलं नाही. “तिथे असायला हवं होतंस,” धाकटा म्हणाला, आणि मग जीभ चावली.

दुपारनंतर वारा वाढला, लाटा आडव्या यायला लागल्या. सगळे हळूच आत्याकडे बघत होते. आत्या ठणठणीत. ती सांगत होती, “मला वाटलं, आता लागली तर बरं. सगळ्यांना केवढं बरं वाटेल.” पण नाही लागली. पाणी प्यायला ती खाली उतरली, तर मधल्या खोलीत धाकटी बेसिनला धरून उभी, चेहरा पांढराफटक. तिनं तोंड पुसलं, सवयीनं वरच्या फळीवर हात घातला, गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी पाण्याशिवायच गिळली.

“तुला लागते?” आत्यानं विचारलं.

“लागते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासूनच, ताई.”

बोटीनं एक हिसका दिला, दोघी टेबलाला धरून समोरासमोर बसल्या. आत्या म्हणाली, “आणि बोलली नाहीस? बाईगं, का?”

“कशी बोलणार?” धाकटी म्हणाली. “पहिल्या रात्रीच सासूबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला काही लागत-बिगत नाही, तुझ्यासाठी जागा सोडलीय तिनं, तोंड वाकडं करून बसू नकोस. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू, मला नको? ह्यांना वाटतं, थोडं मळमळतं. दर उन्हाळा जवळ आला की मला आठवडाभर आधीपासून झोप लागायची नाही.”

म्हणजे आईला माहीत होतं. हे आत्यानं मला सांगितलं तेव्हा तिच्या हातात कप होता, तो तिनं खाली ठेवला. आईला माहीत होतं आणि सुनेला माहीत होतं. जिला यायचं होतं ती धक्क्यावर उभी, जिला नको होतं ती बोटीत आडवी, आणि दोघीही एकमेकींना हसून हात हलवत राहिल्या.

“मग काय बोललात तुम्ही?” मी विचारलं.

“काय बोलणार? मी तिला म्हटलं, वर चल, वाऱ्यावर बस. आत बसलं की जास्त लागते. तिला ते माहीतच होतं की. माझ्यापेक्षा जास्तच माहीत होतं.”

संध्याकाळी एका खाडीत नांगर टाकला. पाणी शांत, बोट शांत. जेवण झाल्यावर पत्ते निघाले. खेळ त्यांचा घरचा, नियम बोटीवरच बनलेले. ‘बुडाला’ म्हणायचं कधी आणि ‘तरला’ कधी ते तिला कळेना. वहिनी म्हणाली, “वन्सं, तुम्ही नुसत्या बघा आधी, येईल.” ती बघत बसली. मग बघता बघता तिची नजर भिंतीच्या फळीवर गेली. तिथे एक गाठ होती, डोळ्यासारखी. ती फळी बसवताना वडिलांचं बोट चेमटलं होतं आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलीसमोर शिवी दिली होती. त्या फळीवर आता पत्त्यांतल्या हारजितीच्या पेन्सिलच्या रेघा होत्या, वर्षानुवर्षांच्या, आणि मुलांची उंची मोजल्याच्या खुणा. तिला त्या कधी दिसल्याच नव्हत्या, कारण आतलं लाकूड घासावं लागत नाही. बाहेरून तिला बोटीची एकेक वीत पाठ होती. आत हे चार जण राहत होते.

तिसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला, “ताई, घे, तू चालव.” तिनं सुकाणू घेतलं. आधी एकदोनदा चुकलं, शीड फडफडलं, दादा “अगं अगं” करत उठला. मग जमलं. ते तीनेक तास मात्र बरे गेले, म्हणाली. वारा मागून होता, बोट पाण्यावरून घसरल्यासारखी चालली होती. धाकटी तिच्या शेजारी येऊन बसली. डोळे मिटून, तोंड वाऱ्याकडे करून. तेवढंच.

शेवटच्या संध्याकाळी दादा जवळ आला. त्याला माफी मागता येत नाही, तो रागावतो. “तू एकदा बोलली असतीस तर काहीतरी केलं असतं आपण.”

“काय केलं असतं, दादा? जागा सहाच होत्या.”

“आलटून पालटून गेलो असतो.”

“हो,” आत्या म्हणाली. “तसं करता आलं असतं.”

तो बराच वेळ दोरी गुंडाळत बसला. गुंडाळलेली दोरी उलगडून पुन्हा गुंडाळली, असं ती म्हणाली.

बोट विकली गेली. तीन मुलांचं जोडपं होतं, माणसं चांगली. त्या बाईनं वॉर्निशवरून हात फिरवला आणि विचारलं, हे कोणी केलं? दादानं आत्याकडे बोट दाखवलं. पुढच्या हिवाळ्याअखेरी कराल का, आम्ही मेहनताना देऊ, असं ते दोघेही म्हणाले. आत्या नको म्हणाली. कुठला घासकागद, किती पातळ करायचं, दव पडायच्या आत हात कसा संपवायचा, हे सगळं नीट समजावलं आणि गेली. नवे मालक बोट दुसऱ्या बंदरात घेऊन गेले. माझ्या शेडच्या दाराशी आता एक पांढरी प्लास्टिकची बोट उभी असते. तिला वर्षातून एकदा पाइपानं धुतात, झालं.

रविवार आले, आत्या आली नाही. येण्याचं कारणच नव्हतं. मला चहा एकट्यानं प्यायचा कंटाळा येतो हे मला तेव्हा कळलं. तिचे दोन ब्रश आणि अर्धा डबा वॉर्निश माझ्याकडेच राहिलं होतं, ते घेऊन एका रविवारी तिचं घर शोधत गेलो. इतक्या वर्षांत मी तिचं घर बघितलं नव्हतं.

जुनी चार मजली इमारत, ती तिसऱ्या मजल्यावर. जिन्याला लाकडी कठडा. खालपासून वरपर्यंत असा झळकत होता की मी पहिल्याच पायरीवर थांबलो. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘ओलं आहे. हात लावू नये.’ वरून एक म्हातारे गृहस्थ भिंतीला धरून, जपून उतरत होते. मला म्हणाले, “तिच्याकडे आलात? तिला सांगा हो, पुरे म्हणावं. चार रविवार झाले, आम्हाला कठडा असून धरायला नाही. पडलो तर चकाकत मरेन.”

तिनं दार उघडलं. डोक्याला फडकं. खोली एक, स्वयंपाकघर एक, खिडकीला भरपूर उजेड. खिडकीच्या चौकटीही झालेल्या. मी ब्रश दिले, ती म्हणाली, बरं झालं, यातला हा नरम आहे, इथे तसा नव्हता. चहा केला. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, दुसरीवर उशी होती.

“ही धाकटीची,” तिनं सांगितलं. “येते अधूनमधून. तिला कंबरेला टेकू लागतो.”

“काय बोलता दोघी?”

“फारसं नाही. ती बसते. मी काम करते. कधी ती भाजी निवडते.” आणि मग, “ते सगळे येत्या सुट्टीत डोंगरात जाणार आहेत. मला चल म्हणताहेत. वहिनीचा दोनदा फोन आला.”

“मग जा की!”

“बघते,” म्हणाली. आपल्याकडे ‘बघते’चा अर्थ काय ते तुम्हाला माहीत आहे. मी आग्रह केला नाही.

बोटीबद्दल तिनं काही विचारलं नाही. मीही नवे मालक मधे एकदा भेटले होते ते सांगितलं नाही. चहा संपला. मी उठलो तशी ती म्हणाली, “घाईत नाहीस ना? गच्चीचं दार खाली घासतं. एकटीला उतरवता येत नाही. तू धरलंस तर मी रंधा मारते.”

मी म्हटलं, धरतो. वर गेलो. बिजागऱ्या गंजलेल्या होत्या, स्क्रू निघायला वेळ लागला. दार काढून आडवं केलं, मी दोन्ही हातांनी धरून बसलो आणि तिनं रंध्याचा पहिला हात मारला. लाकूड जुनं पण आतून चांगलं निघालं. एक लांब साल वळत वळत तिच्या पायाशी पडली.

“नीट धर,” आत्या म्हणाली. “हलतंय.”